हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग आणि भुलीचे अनपेक्षित परिणाम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शस्त्रक्रियेच्या इतिहासात भुलीचा शोध हा वेदनामुक्तीचा टप्पा म्हणून गौरविला जातो. त्या गौरवाच्या सावलीत दुसरा एक इतिहास राहून जातो, तो म्हणजे भूल दिल्यानंतर अकस्मात थांबलेल्या नाडीचा. रुग्णाला वेदना होऊ नये म्हणून दिलेले औषधच त्याच्या मृत्यूला कारण का ठरावे, हा प्रश्न १८४८ पासून वैद्यकाला छळत आला आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एकोणिसाव्या शतकातील एक मोठा आणि खर्चिक प्रयत्न लंडनमध्ये किंवा एडिंबरोमध्ये नव्हे, तर निजामाच्या हैदराबादेत झाला. नांदेड आणि लातूर हा प्रदेश तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होता. असे असूनही मराठवाड्याच्या इतिहासलेखनात या घटनेस जवळजवळ स्थान मिळालेले नाही. मुक्तिसंग्राम हा आपल्या इतिहासलेखनाचा स्वाभाविक केंद्रबिंदू राहिल्यामुळे संस्थानी राजवटीतील विज्ञान आणि आरोग्यव्यवस्था यांच्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत लेखात १८८८ आणि १८८९ च्या दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगांचा वेध घेऊन, त्यांच्या निष्कर्षातून निसटलेली एक गोष्ट पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेतील स्थानिक भुलीच्या अनपेक्षित परिणामांत कशी पुन्हा समोर आली, याचा मागोवा घेतला आहे.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा भारतीय इतिहास लिहिताना ‘भोजप्रबंधा’तील कथेने आरंभ करण्याची प्रथा आहे. धारच्या भोजराजाला मोहचूर्णाने बेशुद्ध करून दोन वैद्यांनी त्याची कवटी उघडली, अशी ती कथा. भोजराजा अकराव्या शतकातला आणि बल्लाळाचा हा ग्रंथ सोळाव्या शतकातला, हे अंतर ध्यानात घेतल्यास या कथेला वाङ्मयीन मोल अवश्य द्यावे. शस्त्रक्रियेचा पुरावा म्हणून ती पुढे करता येत नाही.

संस्थान आणि त्याची वैद्यकीय शाळा

१८८० च्या दशकात नांदेड हा निजामाच्या संस्थानातील एक जिल्हा होता. आजच्या लातूर जिल्ह्याचा बराच भाग तेव्हाच्या नळदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे पुढील उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तर उदगीरचा भाग बीदरमध्ये मोडत असे. नांदेडला रेल्वे पोहोचली ती हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमार्ग झाल्यावर, एकोणिसावे शतक संपता संपता. लातूरला बार्शी लाइट रेल्वेसाठी १९११ पर्यंत वाट पाहावी लागली. राजधानीत चाललेले प्रयोग आणि मराठी जिल्ह्यांतील रयत यांच्यामधले हे अंतर केवळ मैलांचे नव्हते. दुवा होता तो महसुलाचा. आयोगाचा खर्च ज्या खजिन्यातून झाला, त्यात या जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीचा साराही जमा होत होता.

हैदराबाद वैद्यकीय शाळा १८४६ मध्ये स्थापन झाली. आजचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय ही तिचीच परंपरा. आरंभी तेथे उर्दूतून शिक्षण दिले जाई व उत्तीर्ण विद्यार्थ्यास ‘हकीम’ ही पदवी मिळे. १८८५ च्या सुमारास एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादला आले आणि शाळेची सूत्रे त्यांच्या हाती गेली. लॉरी एडिंबरोचे, शल्यचिकित्सक जेम्स साइम यांचे निष्ठावंत शिष्य. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाच्या श्वासाकडे पाहावे, नाडीकडे पाहू नये, ही साइम यांची शिकवण त्यांनी जवळजवळ धर्मवचनाप्रमाणे मानली. श्वास सुरळीत आहे तोवर हृदयाला धोका नाही. नाडीवर बोट ठेवणारा सहायक मात्र श्वासावरचे लक्ष घालवतो, असा त्यामागचा तर्क होता. हजारो रुग्णांना या पद्धतीने क्लोरोफॉर्म देऊनही आपल्या हातून मृत्यू घडला नाही, असे लॉरी सांगत.

लॉरी यांच्या कारकिर्दीतील एका गोष्टीची आवर्जून नोंद घ्यावयास हवी. १८८५ मध्ये त्यांनी शाळेत स्त्रियांना प्रवेश दिला. त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक पारशी तरुणी, रूपाबाई फर्दुनजी, १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या, आयोगाच्या कामात सहभागी झाल्या आणि पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचेच काम त्यांनी निष्ठेने केले. १९०९ मध्ये त्या एडिंबरोला जाऊन पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकून आल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते. आयोगाच्या शास्त्रीय निष्कर्षांचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच. रूपाबाईंचे काम त्या निष्कर्षांवर अवलंबून नव्हते.

दोन आयोग

क्लोरोफॉर्मचा वाद जुना होता. जेम्स सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये त्याचा वापर सुरू केला आणि तीन महिने उलटण्यापूर्वीच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना दगावली. औषध थोडे, शस्त्रक्रिया किरकोळ आणि मृत्यू काही मिनिटांत. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मला दोषमुक्त ठरविले. लंडनचे जॉन स्नो यांनी मात्र क्लोरोफॉर्मची तीव्र वाफ थेट हृदयास थांबवू शकते असे प्रतिपादन केले. पुढची चाळीस वर्षे एडिंबरो आणि लंडन ही दोन पीठे एकमेकांशी भांडत राहिली.

लॉरी यांनी हा वाद हैदराबादेत निकालात काढण्याचे ठरविले. १८८८ च्या पहिल्या आयोगात पॅट्रिक हेहिर, केली आणि शामारेत हे तिघे होते. कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. सबब क्लोरोफॉर्मचा धोका श्वासालाच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाने या निष्कर्षाविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने १,००० पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला तज्ज्ञ हैदराबादला पाठवून खातरजमा करून घ्यावी, असा प्रस्ताव ठेवला. वैद्यकीय वादात एखाद्या संस्थानिकाने टीकाकारालाच पैसे देऊन परीक्षक म्हणून बोलावण्याचा हा प्रकार विरळाच.

‘लॅन्सेट’ने थॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. हृदयशूळावर अमिल नायट्राइटचा उपाय १८६७ मध्ये सुचविणारे हे लंडनमधील नामांकित औषधशास्त्रज्ञ. ते १८८९ च्या अखेरीस हैदराबादला आले. दुसऱ्या आयोगाचे अध्यक्ष लॉरी होते; ब्रंटन यांच्याखेरीज जेराल्ड बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हे सदस्य होते. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या अशा चारशेंहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. अनेक प्रयोगांत रक्तदाब यंत्राने टिपला गेला, आलेखांची छायाचित्रे घेतली गेली. त्या काळात इतक्या मोठ्या प्रमाणावर असे काम दुसरीकडे झाल्याचे उदाहरण मिळणे कठीण. ब्रंटन मत बदलून परतले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो गुदमरून किंवा मात्रा जास्त झाल्याने. हृदयावर त्याचा थेट घात होत नाही, हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १८९० साली प्रसिद्ध झाला.

आयोगाचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, श्वासावर अखंड लक्ष देणे आणि श्वास अडखळताच औषध बाजूला करणे या शिस्तीने लॉरी यांच्या रुग्णांचे प्राण निश्चितच वाचले असावेत. बिघडले ते दुसऱ्या अर्ध्यात. ‘धोका श्वासाला आहे’ हे विधान सिद्ध करताना ‘हृदयाला धोका नाही’ हेही सिद्ध झाल्याचे मानले गेले. प्रयोगशाळेतील प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन खोल बेशुद्धीत नेले जाई. हॅना ग्रीनर मात्र खोल बेशुद्धीत पोहोचण्यापूर्वीच, भीतीने घाबरलेल्या अवस्थेत दगावली होती. ती परिस्थिती आयोगाच्या टेबलावर कधी उभीच केली गेली नाही. जे शोधलेच नाही ते ‘नाही’ म्हणून नोंदले गेले.

टीका लगेच सुरू झाली. ॲबर्डीनचे जॉन मॅकविल्यम यांनी १८९० मध्ये क्लोरोफॉर्मने हृदय दुबळे होऊन फुगते असे प्रयोगाने दाखविले. याच मॅकविल्यम यांनी वर्षभरापूर्वी हृदयाचे निष्फळ थरथरणे, ज्यास फिब्रिलेशन म्हणतात, हे मनुष्याच्या आकस्मिक मृत्यूचे कारण असू शकते असे मांडले होते. केंब्रिजमध्ये गॅस्केल आणि शोअर यांनी १८९३ मध्ये दोन प्राण्यांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडून केलेल्या प्रयोगांनीही हैदराबादच्या निष्कर्षाला धक्का दिला. लॉरी यांनी माघार घेतली नाही.

१९११

उत्तर सापडले ते १९११ मध्ये. त्याच वर्षी आयोगाला द्रव्य पुरविणारे सहावे निजाम निवर्तले आणि त्याच वर्षी लातूरला आगगाडी आली. इतिहासात असे योगायोग घडतात, त्यांतून काही सिद्ध होत नाही. लंडनचे गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली असलेल्या प्राण्याला अल्प अॅड्रेनलिन टोचले असता हृदयाचे खालचे कप्पे एकाएकी थरथरू लागतात आणि प्राणी मरतो. खोल भुलीत हेच सहसा घडत नाही. भीती, धडपड, क्लोरोफॉर्म मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणे, या सर्वांत शरीर स्वतःच अॅड्रेनलिन सोडते. हॅना ग्रीनरच्या मृत्यूचा उलगडा त्रेसष्ट वर्षांनी झाला.

हैदराबादच्या आयोगास या चुकीसाठी किती दोष द्यावा? अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काचा रक्तदाबावरील परिणाम ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९४-९५ मध्ये प्रथम वर्णिला. जोकिची ताकामिने यांनी शुद्ध अॅड्रेनलिन वेगळे केले ते १९०१ मध्ये. १८८९ मध्ये हे द्रव्य कोणास ठाऊकच नव्हते. तेव्हा अॅड्रेनलिन न सापडल्याबद्दल आयोगाला दोष देता येत नाही. नाडीकडे पाहूच नये, या त्यांच्या नियमाबद्दल मात्र द्यावा लागेल, कारण त्या नियमाने पुढील निरीक्षणाची वाटच बंद केली.

मेंदूची शस्त्रक्रिया : नाडी न पाहणे अशक्य

नाडीकडे दुर्लक्ष करण्याचा नियम जेथे टिकूच शकत नव्हता, ते क्षेत्र म्हणजे मेंदूची शस्त्रक्रिया. कवटीच्या आत दाब वाढला की रक्तदाब चढतो आणि नाडी मंदावते, ही खूण हार्वे कुशिंग यांनी १९०१-०२ च्या सुमारास स्पष्ट केली. मेंदूच्या शल्यविशारदाला आतल्या स्थितीची वार्ता नाडीच देते. विद्यार्थिदशेत, १८९४-९५ मध्ये, बॉस्टन येथे कुशिंग आणि कॉडमन यांनी भूल देताना नाडी व श्वास यांची तक्त्यावर नोंद ठेवण्यास प्रारंभ केला होता. १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीत रिव्हा-रोची यांचा दाबमापक पाहिला आणि रक्तदाबाची नोंदही त्या तक्त्यात आली.

त्याआधीच्या पिढीत लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी ईथरऐवजी क्लोरोफॉर्मच पसंत करीत, कारण त्याने रक्तदाब उतरून रक्तस्राव कमी होतो. अर्थात ज्या परिणामाची हैदराबादला चिंता नव्हती, त्याच परिणामाचा हॉर्स्ली उपयोग करून घेत होते. या दोन धाग्यांची गाठ पुढे वेगळ्याच भूमीवर पडली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनचे वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर होते, पहिल्या क्लोरोफॉर्म आयोगाचे तेच हेहिर. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूत पडल्यानंतर काही आठवड्यांनी, १६ जुलै १९१६ रोजी, त्याच रणक्षेत्रातील अमारा येथे हॉर्स्ली उष्माघाताने मरण पावले.

सुईतून परतलेले अॅड्रेनलिन

क्लोरोफॉर्म आणि ईथर या दोहोंचे दोष टाळण्याचा मार्ग म्हणून मेंदूचे शल्यविशारद स्थानिक भुलीकडे वळले. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही; वेदना असते ती डोक्याच्या कातडीत, हाडावरील आवरणात आणि मेंदूवेष्टनाच्या काही भागात. कातडी बधिर केली की रुग्णाला जागे ठेवून मेंदूवर काम करता येते. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये डोळ्यासाठी कोकेन वापरले. १९०५ मध्ये त्याची जागा घेणारे, त्या मानाने सुरक्षित असे नोव्होकेन आले. फ्रान्सचे थिएरी द मार्तेल आणि त्यांच्यामागोमाग कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत स्थानिक भूल रूढ केली. माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णाच्या मेंदूला विद्युतस्पर्श करून वाणी व हालचालींची केंद्रे शोधली. पेनफिल्ड यांच्या संस्थेत शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे भारतातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभारला. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. राम गिंडे हेही माँट्रियलहूनच शिकून आले होते.

येथेच या इतिहासातील उपरोध आहे. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे रक्तस्राव फार होतो आणि टोचलेले औषधही झपाट्याने रक्तात शिरते. दोन्हींवर उपाय म्हणून हाइनरिख ब्राउन या जर्मन शल्यविशारदांनी १९०३ च्या सुमारास सुचविलेली युक्ती सर्वत्र स्वीकारली गेली, ती म्हणजे स्थानिक भुलीच्या औषधात अॅड्रेनलिन मिसळणे. रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जाते, बधिरता अधिक काळ टिकते. क्लोरोफॉर्मखाली ज्या द्रव्याने मांजरे मेली, तेच द्रव्य शल्यविशारद आता हेतुपुरस्सर रुग्णाच्या डोक्यात टोचू लागले.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पूर्ण बेशुद्ध असला तरी कातडीत ही सुई दिली जातेच. १९५६ पासून वापरात आलेले हॅलोथेन हे भुलीचे द्रव्य क्लोरोफॉर्मप्रमाणेच हृदयास अॅड्रेनलिनविषयी हळवे करते, हे लवकरच ध्यानात आले. १९६२ मध्ये काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्यादा घालून दिली : १:१,००,००० तीव्रतेचे अॅड्रेनलिन दहा मिनिटांत १० मिलिलिटर आणि तासाभरात ३० मिलिलिटर, याहून अधिक नको. भारतातील सरकारी रुग्णालयांत १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही काळ हॅलोथेन हीच नित्याची भूल होती. तेथे ही मर्यादा रोजच्या कामाचा भाग होती.

हॅलोथेन मागे पडल्यावर प्रश्न संपला असे वाटत असतानाच उलट दिशेचा परिणाम समोर आला. अॅड्रेनलिन म्हटले की रक्तदाब चढणार, ही अपेक्षा. परंतु २००० च्या दशकात चीनमधील भूलतज्ज्ञांनी नोंदविले की लिग्नोकेनसह अल्प अॅड्रेनलिन डोक्याच्या कातडीत टोचल्यावर एक-दोन मिनिटांत काही रुग्णांचा रक्तदाब चढण्याऐवजी एकदम कोसळतो आणि थोड्या वेळाने आपोआप सावरतो. अल्प प्रमाणात अॅड्रेनलिन स्नायूंमधील रक्तवाहिन्या आकसण्याऐवजी रुंदावते, हे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मेंदूत गाठ किंवा रक्तस्राव असलेल्या रुग्णास अशी काही मिनिटेही महाग पडू शकतात.

स्थानिक औषधाचे स्वतःचे दोष निराळेच. मात्रा जास्त झाली तर जीभ बधिरते, कानात आवाज होतो, स्नायू फुरफुरतात, झटके येतात. अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना आलेला झटका औषधाचा, की मेंदूला दिलेल्या विद्युतस्पर्शाचा, की मूळ रोगाचा, हे ठरविणे अवघड होते. दीर्घकाळ टिकणाऱ्या बुपिव्हाकेनने हृदय थांबले तर ते सहजी पुन्हा सुरू होत नाही, याकडे अमेरिकन भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. त्यावर शिरेतून स्निग्ध द्रावण देण्याचा उपाय गाय वाइनबर्ग यांच्या १९९८ च्या प्राणिप्रयोगांतून पुढे आला. सर्वांत फसवा परिणाम दिसायला अगदी किरकोळ आहे. कानापुढील मज्जातंतू बधिर करताना औषध थोडे खाली पाझरले तर चेहऱ्याचा मज्जातंतूही बधिरतो आणि तोंडाची एक बाजू लुळी पडते. काही तासांत ती पूर्ववत होते. तथापि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून मेंदूला इजा झाली की नाही हे जोखणाऱ्या शल्यविशारदापुढे त्या काही तासांत काय वाढून ठेवलेले असते, याची कल्पना करावी.

नांदेड–लातूरचा संदर्भ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा मराठवाड्यात एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले, अंबाजोगाईचे १९७० च्या दशकात, नांदेडचे १९८८ मध्ये आणि लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये. लातूर जिल्ह्याची निर्मितीच १९८२ ची. भुलीविषयीच्या जागतिक वादात ज्या राज्याने १८८९ मध्ये हजार पौंड ओतले, त्याच्या मराठी जिल्ह्यांना वैद्यकीय शिक्षणाची संस्था मिळण्यास सदुसष्ट वर्षे लागली. डोक्याला मार लागलेला रुग्ण नांदेडहून हैदराबादला आणि लातूरहून सोलापूरला न्यावयाचा, ही वहिवाट अनेक दशके चालली. या प्रवासात राजधानीशी असलेला जुना संस्थानी संबंध भाषिक प्रांतरचनेनंतरही टिकून राहिला, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. हैदराबादच्या प्रयोगांतील प्राण्यांची मोजदाद ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचली, लॉरी यांच्या हजारो रुग्णांत मराठी मुलखातले किती होते, ते मात्र त्या आकड्यात विरून गेले.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत आज एक साधा परिपाठ पाळला जातो. कातडीत सुई टोचण्यापूर्वी शल्यविशारद अॅड्रेनलिन देत असल्याचे मोठ्याने सांगतो. औषध आत जात असताना भूलतज्ज्ञ नाडी आणि रक्तदाबाच्या पडद्यावरून नजर हलवीत नाही. लॉरी यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेमके याच्या उलट शिकविले होते.